मुक्या सोबत्याचा वैद्य आणि घरखर्चाची वही

(नभोवाणीवरील भाषण)

मुलाला शाळेत घालावयाचे झाले म्हणजे आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मुलीसाठी स्थळ पाहताना तर त्या घराण्याच्या तीन पिढ्या चाळतो. एवढेच काय, पण कोटाचे कापड शिंप्याकडे टाकण्यापूर्वी त्याने शिवलेला दुसऱ्याचा कोट आपण उलटासुलटा करून पाहतो. परंतु घरात पाळलेल्या कुत्र्यामांजराचा वैद्य कोण, हा प्रश्न आपल्याला सुचतो तो ते जनावर अन्न टाकून कोपऱ्यात पडल्यावर, आणि तोही बहुधा रात्री नऊनंतर. मग शेजारी ज्याचे नाव सांगेल तोच धन्वंतरी, आणि तो मागेल तेच मोल! आजच्या माझ्या सांगण्याचे सूत्र एवढेच आहे की, पाळीव प्राण्याचा वैद्य तो प्राणी धडधाकट असतानाच निवडावा, आणि त्याच्या औषधपाण्याचा पैसाही तो धडधाकट असतानाच बाजूला काढावा. ही दोन कामे वेळेवर करणाऱ्या गृहस्थावर, जनावराचा जीव मोठा की घरातली शिल्लक मोठी, असा विचार करण्याची पाळी सहसा येत नाही.

माझी सारी मास्तरकी महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत झाली. मी वैद्य नव्हे. तथापि खेड्यातील मास्तराकडे लोक अर्ज लिहून घेण्यापासून तो कुत्रे का जेवत नाही येथपर्यंतचे सर्व प्रश्न घेऊन येतात. त्या निमित्ताने जे पाहिले आणि जाणत्यांना विचारून पडताळून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे. पूर्वी आमच्याकडे कुत्रा अंगणात असे, मांजर माळ्यावर असे, आणि दोघांचाही वैद्य परमेश्वर असे. आता तसे राहिले नाही. कारखान्यांच्या निमित्ताने महाडास आलेली कुटुंबे, मुंबईतील नोकरी संपवून गावी परतलेली मंडळी आणि हौशी तरुण यांच्यामुळे कुत्रा ओसरीवरून दिवाणखान्यात आला आहे. त्याचे नाव बदलले, त्याचे अन्न बदलले. पण त्याच्या आजाराविषयीची आपली समजूत मात्र पुष्कळ अंशी अंगणातलीच राहिली.

प्रथम वैद्य कोणास म्हणावे ते पाहू. पशुचिकित्सा ही आपल्याकडे काही नवलाची विद्या नव्हे. घोड्यांच्या वैद्यास शालिहोत्री म्हणत, ते शालिहोत्र नावाच्या प्राचीन आचार्यावरून. सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्ही सोयी केल्याचे आपल्या शिलालेखात कोरून ठेविले आहे. अर्वाचीन काळात मुंबईस परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आज या विद्येची पदवी घ्यावयास साडेपाच वर्षे लागतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ साली झाला; त्यान्वये पदवी घेऊन परिषदेकडे नाव नोंदविलेल्या व्यक्तीसच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. आपल्या राज्याची परिषद नागपूर येथे आहे. पदविका घेतलेले पशुधन पर्यवेक्षक खेडोपाडी मोलाचे काम करतात; परंतु त्यांनी करावयाची कामे किरकोळ स्वरूपाची आणि नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावयाची, अशी कायद्याची योजना आहे. म्हणून नव्या वैद्याकडे जाताना, आपली पदवी कोणती आणि नोंदणी क्रमांक कोणता, हे नम्रपणे विचारण्यात संकोच मानू नये. खऱ्या वैद्यास त्या प्रश्नाचा राग येत नाही. ज्यास राग येतो, त्याच्याविषयी आपल्याला हवी ती माहिती तेवढ्यानेच मिळते.

या दोघांपलीकडे तिसरा एक वर्ग आहे, तो हितचिंतकांचा. औषधाच्या दुकानातला ओळखीचा माणूस, शेजारचे निवृत्त कारकून, अमक्याच्या कुत्र्याला याच गोळीने बरे वाटले असे सांगणारा आप्त, हे सर्व त्यात येतात. यांची फी नसते, आणि म्हणूनच ते फार महाग पडतात. माणसाच्या तापावर घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवून शरीराबाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फार थोडी असते. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने कुत्र्याच्या जठरात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. कांदा, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हे आपले खाऊही कुत्र्याला विषासमान आहेत. आणि ताप आहे की नाही हे तरी आपण कशावरून ठरवितो? कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आपल्या हाताला तो तापलेला लागला, म्हणून तो आजारी असतोच असे नाही.

चुकीच्या औषधाचा परिणाम किती दूरवर जातो याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याजवळचेच आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध गुरांना सर्रास टोचले जात असे. अशा गुराचे कलेवर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत, हे २००४ साली शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातील नव्याण्णवांहून अधिक या देशातून नाहीशी झाली होती. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. म्हसळा तालुक्यातील चिरगावच्या रानात उरलीसुरली गिधाडे राखण्यासाठी महाडच्या निसर्गप्रेमी मंडळींनी वर्षानुवर्षे जे कष्ट घेतले, ते आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असतील. सुईतून दिलेले औषध एका जनावरापुरतेच राहते असे नाही. म्हणूनच ती सुई जाणत्याच्या हाती असावी.

आता नोंदणीकृत वैद्यांतूनही चांगला कसा ओळखावा? मुंबई-पुण्यासारखी गल्लोगल्ली निवड येथे नाही, हे खरे. तथापि दोनच नावे असली तरी त्यांतून निवड करावीच लागते. माझ्या मते पारखण्यासारख्या गोष्टी अशा: वैद्याने औषध लिहिण्यापूर्वी जनावराचे वजन केले काय, ताप पाहिला काय, हिरड्यांचा रंग पाहिला काय? औषधाचे नाव, मात्रा आणि दिवस त्याने वाचता येईल अशा अक्षरात लिहून दिले काय? लस त्याने शीतपेटीतून काढली की टेबलावरच्या खोक्यातून? लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. विजेचा लपंडाव चालतो अशा गावी हा प्रश्न अगत्याने विचारावा. लशीच्या कुपीवरील चिठ्ठी, म्हणजे तिचा क्रमांक आणि मुदत, त्याने आपल्या कार्डावर चिकटविली काय? आणि शेवटची, मला सर्वांत मोठी वाटणारी कसोटी ही की, हे माझ्याच्याने होण्यासारखे नाही, तुम्ही अमक्या ठिकाणी जा, असे सांगण्याचे धैर्य त्याच्या अंगी आहे काय?

मोठी यंत्रे म्हणजे मोठा वैद्य, असा एक समज आहे. याच महाडात राहून डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर संशोधन केले, ते ‘लॅन्सेट’सारख्या जगन्मान्य वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रोग्याच्या उशाशी बसून पाहणे आणि पाहिलेले टिपून ठेवणे, हेच त्यांचे प्रमुख साधन होते. ते माणसांचे डॉक्टर खरे. पण कसोटी तीच. जो वैद्य आपल्या जनावराकडे पाच मिनिटे नीट पाहतो आणि पाहिलेले लिहून ठेवतो, त्याचा दवाखाना लहान असला तरी चालेल.

आमच्या भागात एकाच वैद्यावर भागत नाही. तीन नावे वहीत लिहून ठेवावी लागतात. पहिले, नेहमीचे: लस, जंताचे औषध, खरूज, कानदुखी यांसाठी जवळचा दवाखाना. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गुराढोरांसाठी असला, तरी तेथे कुत्र्यामांजरांनाही पाहतात आणि शुल्क अल्प असते; औषध वा लस मात्र कित्येकदा बाहेरून आणावी लागते. दूध देणारी जनावरे असलेल्या घरी १९६२ हा फिरत्या पथकाचा निःशुल्क क्रमांकही भिंतीवर असावा. दुसरे नाव, रात्रीचे: अपरात्री दार कोण उघडतो आणि सर्पदंशावरील लस कोणाकडे असते, याची चौकशी दिवसाउजेडी करून ठेवावी. तिसरे, मोठ्या शस्त्रक्रियेचे: क्ष-किरण, रक्ततपासणी आणि भूल देण्याची सोय असलेले ठिकाण. महाडहून वरंधा घाटाने भोरमार्गे, किंवा पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर आणि वाई या मार्गे शिरवळास जाता येते. तेथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि विद्यार्थी शिकावयाचे म्हणून तेथील उपचारांचा खर्च खासगी रुग्णालयाच्या मानाने आवाक्यातला असतो. मात्र पावसाळ्यात दरडी येऊन हे घाट बंद पडण्याचे प्रसंग येतात. म्हणून पुढे ढकलता येण्याजोगी शस्त्रक्रिया होळीपूर्वी उरकून घ्यावी, हे आमच्याकडचे पंचांग समजावे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. भर श्रावणात रात्री त्याच्या कुत्र्याला फुरसे चावले. त्याने मंत्र घातला नाही, चिरा दिला नाही, दोरी आवळली नाही. वहीतल्या दुसऱ्या नावास दूरध्वनी केला, कुत्र्याला हलू न देता पोत्यावर उचलून गाडीत घातले, आणि तासाभरात लस मिळविली. कुत्रा वाचला. पुढे तो मला म्हणाला, “गुरुजी, त्या रात्री मी काहीच शोधले नाही, सर्व आधीच शोधून ठेवले होते.” वैद्य निवडणे म्हणजे काय, हे याहून थोडक्यात मला सांगता येणार नाही.

दुसरा आमचा शत्रू म्हणजे पुराचे पाणी. २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या जुलैमध्ये सावित्रीने महाडकरांना काय दाखविले ते सांगावयास नको. अशा वेळी साखळीने बांधलेले जनावर सुटू शकत नाही. पाणी चढू लागताच प्रथम त्याची साखळी सोडावी. लशीचे कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर मेणकापडात ठेवावे. पूर ओसरल्यावर उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून लेप्टोचा रोग पसरतो. तो कुत्र्याला होतो, गुराला होतो आणि आपल्यालाही होतो. पुरानंतर कुत्र्याला ताप, ओकाऱ्या आणि डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर एक दिवसही थांबू नये, आणि त्याचे मूत्र उघड्या हाताने पुसू नये. वर्षाच्या लशीत लेप्टोचा समावेश असतो की नाही, हे वैद्यास विचारून घ्यावे आणि ती लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

आता पैशाकडे वळू. कुत्रा साधारणपणे दहा ते तेरा वर्षे जगतो, मांजर त्याहूनही थोडे अधिक. म्हणजे पिलू घरी आणणे हा एका दिवसाचा खर्च नसून, इयत्ता पहिलीत घातलेल्या मुलाच्या मॅट्रिकपर्यंतच्या शिक्षणाएवढा लांबचा करार आहे. मी सांगतो की, घरखर्चाच्या वहीत या खर्चाची तीन पाने करावीत.

पहिले पान ठरलेल्या खर्चाचे. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस, नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस, आणि त्यानंतर वैद्य सांगेल त्याप्रमाणे वर्षास पुन्हा. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचे औषध. आमच्या दमट हवेत गोचिडांचा बंदोबस्त बारा महिने करावा लागतो, कारण गोचिडांतून येणारा ताप रक्त आटवितो. हा खर्च आधी कळतो, म्हणून तो जड जात नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलांच्या हट्टाखातर महाग जातीचे पिलू आणले, आणि सारा पैसा पिलातच संपला म्हणून लस पुढच्या महिन्यावर टाकली. पुढचा महिना उजाडण्यापूर्वीच पिलाला पार्व्होची हगवण लागली. आठ दिवस सलाईन चालले. पिलू गेले, आणि जो खर्च झाला त्यात कित्येक वर्षांच्या लशी झाल्या असत्या.

जातीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बर्फाळ प्रदेशातील दाट केसांचा कुत्रा कोकणातल्या वैशाखात आणि आषाढात ठेवणे म्हणजे त्याच्या कातडीला आणि आपल्या खिशाला एकदमच रोग लावून घेणे होय. आपला गावठी कुत्रा या हवेत मुरलेला असतो.

दुसरे पान अवचित खर्चाचे. महिन्यास दोनशे रुपये वेगळे टाकले तर वर्षाचे २,४०० आणि पाच वर्षांचे १२,००० रुपये होतात. ही रक्कम मोठी नव्हे. पण संकटाच्या रात्री हात पसरण्यापासून ती आपल्याला वाचविते. कुत्र्यांचा विमाही आता निघतो. तो घेताना वयाची अट, आरंभीचा प्रतीक्षाकाळ आणि वगळलेले रोग, ही बारीक अक्षरे आधी वाचावीत. मोठ्या उपचाराच्या वेळी वैद्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, एकंदर अंदाज किती? दुसरा, या तपासणीचा निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती तपासणी करावयाची कशाला? प्रामाणिक वैद्य या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने देतो, आणि पुष्कळदा त्यानेच निम्मा खर्च वाचतो. औषध त्याच्या मूळ नावाने, ज्याला आता जेनेरिक म्हणतात तसे, मिळेल काय हेही विचारावे. जनावरांसाठी अशी स्वस्त औषधे पुरविण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०२५ साली मान्यता दिली आहे. एका ठिकाणी मात्र काटकसर करू नये, ती म्हणजे वेळेची. बोक्याला लघवी होईनाशी झाली, पिलाच्या हगवणीत रक्त दिसले, हिरड्या पांढऱ्या पडल्या, किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नये.

याच पानावर नसबंदीचाही खर्च लिहावा. मादीची शस्त्रक्रिया तरुणपणीच केली तर स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा रोग उद्भवतच नाही. तो रोग झाल्यावर करावी लागणारी घाईची शस्त्रक्रिया कितीतरी महाग आणि धोक्याची असते. शिवाय दर वर्षी सहा पिले कोणाच्या गळ्यात बांधावी, ही चिंताही उरत नाही.

तिसरे पान म्हातारपणाचे. याविषयी आपण बोलावयास कचरतो. घरात मुलीची फी भरावयाची आहे, वडिलांचे औषध चालू आहे, आणि तेरा वर्षांच्या कुत्र्यावर मोठी शस्त्रक्रिया सुचविली आहे, अशा वेळी काय करावे? माझे मत स्पष्ट आहे. उपचाराने त्याला सुखाचे दिवस मिळणार की केवळ दिवस मिळणार, हे वैद्याला विचारावे. केवळ दिवसच मिळणार असतील, तर वेदना शमविणारे औषध देऊन त्याला घरी मायेने ठेवणे हे कमीपणाचे नव्हे. आणि वेदना असह्य झाल्या तर वैद्याच्या हातून शांत मरण देणे हीही शेवटची सेवाच होय. नाही म्हणणारा मालक निर्दय नसतो. खर्चाच्या भीतीने जनावराला गाडीत घालून घाटात किंवा महामार्गावर सोडून येतो, तो मात्र निर्दय होय. उपाशी-तहानलेले मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायदा नसता, तरी ज्या दाराशी ते वर्षानुवर्षे राखणीला बसले, त्या दाराची ती प्रतारणाच ठरली असती.

आणि हा खर्च आपण टाळला म्हणून तो नाहीसा होत नाही. तो गावावर पडतो. लस न टोचलेले, सोडून दिलेले कुत्रे उद्या कोणाच्या तरी मुलाला चावते. माणसांना होणारा पिसाळ रोग जवळजवळ सर्वस्वी कुत्र्यांपासूनच होतो, आणि एकदा त्याची लक्षणे दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. चावा लागताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. ती तेथे विनामूल्य मिळते. पण त्याआधीची, कुत्र्याला टोचावयाची लस ही घरखर्चाच्या वहीतील सर्वांत स्वस्त ओळ आहे. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या सुमारास ठिकठिकाणी लसीकरणाची शिबिरे भरतात. तेथे आपले कुत्रे तर न्यावेच. पण गल्लीत सर्वांच्या उष्ट्यावर वाढणाऱ्या बेवारशी कुत्र्याचा पट्टा कोणी धरावयाचा, हेही चार घरांनी मिळून ठरवावे.

श्रोतेहो, मला दिलेला वेळ संपत आला. उद्या सकाळी एवढेच करा: वहीचे एक कोरे पान घ्या, त्यावर तीन वैद्यांची नावे आणि क्रमांक लिहा, लशीच्या तारखा लिहा, आणि ते पान स्वयंपाकघराच्या दाराशी टांगा. मुका सोबती आपले दुखणे सांगू शकत नाही, की आपला वैद्यही निवडू शकत नाही. ती निवड त्याने आपल्यावर सोपविली आहे.